ऑलिव्ह तेल फ्रीजमध्ये ठेवून त्याची जात कळत नाही

माझ्या मावशीने ऑलिव्ह तेलाची जवळजवळ भरलेली बाटली बेसिनमध्ये ओतून दिली. तेल घशाला झोंबलं, एवढाच त्याचा गुन्हा. "मेसेजमध्ये लिहिलंय, झोंबलं तर फेका," असं तिने मला वर सांगितलं. हा मेसेज गेली काही वर्षं फिरतोय. आधी वाचून सोडून देत होते, आता सोडणार नाही.

मेसेज थोडक्यात असा: सुपरमार्केटमधलं सत्तर टक्के ऑलिव्ह तेल नकली असतं, असं कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठाने सिद्ध केलंय. अस्सल तेल फ्रीजमध्ये गोठतं, नकली पातळ राहतं. जितकं हिरवं तितकं शुद्ध. शुद्ध तेलात वात पेटवली तर धूर होत नाही. आणि घशाला झोंबलं तर त्यात आम्ल किंवा रसायन आहे, ताबडतोब फेकून द्या.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण नुकसान त्यानेच केलंय. ताज्या एक्स्ट्रा व्हर्जिन तेलाचं, म्हणजे रिफाइंड न केलेल्या सर्वांत वरच्या प्रतीच्या ऑलिव्ह तेलाचं, घशाला झोंबणं हा दोष नाही, गुण आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषदेच्या पद्धतीने तेल चाखणारे प्रशिक्षित परीक्षक तीन गोष्टी चांगल्या म्हणून नोंदवतात: फळाचा ताजा वास, कडवटपणा आणि तिखटपणा. हा तिखटपणा मुख्यतः ओलिओकँथल नावाच्या घटकामुळे येतो. मोनेल केमिकल सेन्सेस सेंटर या चव आणि वासावर संशोधन करणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या एका शास्त्रज्ञाला सिसिलीत ताजं तेल चाखताना घशात जी चुरचुर जाणवली, ती आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधाच्या द्रावणाने होते तशीच, नेमकी ओळखीची होती. तिथून संशोधन सुरू झालं आणि २००५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालं. ओलिओकँथल शरीरातल्या दाहाशी संबंधित त्याच एन्झाइमांना आयबुप्रोफेनसारखंच रोखतं, असं त्यात दिसलं. त्याचा अर्थ तेल हे औषध आहे असा नाही, तेही नवे मेसेज बनवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. पण ते झोंबणं फळातूनच येतं, कुणी बाहेरून घातलेल्या रसायनातून नाही.

आता 'आम्ल'. बाटलीवर आम्लता लिहिलेली असते, ती वाचून लोकांना वाटतं की जळजळ तिचीच. ही आम्लता म्हणजे तेलातल्या सुट्या झालेल्या मेदाम्लांचं प्रमाण. फळं किडलेली असली, आपटलेली असली, तोडल्यावर पडून राहिली की ते वाढतं. एक्स्ट्रा व्हर्जिनसाठी त्याची मर्यादा ०.८ टक्के आहे. ते प्रयोगशाळेत मोजावं लागतं, जिभेला किंवा घशाला कळत नाही. रिफाइंड ऑलिव्ह तेलाची मर्यादा तर याहून कमी, ०.३ टक्के, कारण प्रक्रिया करून ती मेदाम्लं काढूनच टाकलेली असतात. त्यासोबत वास, चव आणि झोंबणंही जातं. म्हणजे या मेसेजप्रमाणे वागणारा माणूस चांगलं तेल ओतून देणार आणि सगळं काढून घेतलेलं तेल 'सौम्य आहे' म्हणून जपून ठेवणार. सल्ला चुकीचाच नव्हे, अगदी उलटा आहे.

फ्रीजचा मुद्दा सगळ्यात लोकप्रिय. मेसेज ज्या विद्यापीठाचं नाव घेतो, त्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या ऑलिव्ह केंद्राने २०१३ मध्ये ही चाचणी करून पाहिली. एक्स्ट्रा व्हर्जिन, साधं ऑलिव्ह तेल, कॅनोला, करडई आणि मुद्दाम केलेली मिश्रणं, असे नमुने पाच अंश सेल्सिअसच्या जरा खाली ठेवले. ६० तासांनी एकाही नमुन्यात गोठण्याचं चिन्ह नव्हतं. १८० तासांनंतरही एकही पूर्ण घट्ट झाला नाही. भेसळ ओळखायला ही पद्धत भरवशाची नाही, असं केंद्राने स्वच्छ लिहून ठेवलंय. विद्यापीठाचं नाव वापरायचं आणि त्याचाच निष्कर्ष गाळायचा, याची मला जास्त चीड येते.

तेल गोठणं कशावर अवलंबून? त्यातल्या संपृक्त मेदाम्लांवर आणि मेणासारख्या घटकांवर. ऑलिव्ह तेलात पामिटिक आम्ल या संपृक्त मेदाम्लाचं प्रमाण ७ पासून २० टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं. झाडाची जात आणि हवामान बदललं की ते बदलतं. त्यामुळे एक अस्सल तेल फ्रीजमध्ये दाट होईल, दुसरं तितकंच अस्सल तेल पातळ राहील. पण यापेक्षाही मोठी अडचण आहे. ऑलिव्ह तेलातली नेहमीची लबाडी म्हणजे हलक्या प्रतीचं ऑलिव्ह तेल एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणून विकणं. ऑलिव्हच्या उरलेल्या चोथ्यातून सॉल्व्हंटने (तेल विरघळवणाऱ्या रसायनाने) काढलेल्या पोमेस तेलाची मेदाम्लं एक्स्ट्रा व्हर्जिनच्या खूप जवळची असतात. फ्रीजला त्यांच्यातला फरक कसा कळणार? आणि ज्या भेसळखोराला ही चाचणी माहीत आहे, तो थोडं पामोलिन घालेल. ते थंडीत आणखी छान गोठतं.

भेसळ हा विषय किती गंभीर होऊ शकतो, ते स्पेनने १९८१ मध्ये पाहिलंय. उद्योगासाठी आणलेलं, ॲनिलिन हे रसायन मिसळून खाण्याला अयोग्य केलेलं रेपसीड तेल पुन्हा प्रक्रिया करून लोकांना विकलं गेलं. फिरते विक्रेते ते विनालेबलच्या कॅनमधून ऑलिव्ह तेल म्हणूनही खपवत होते. सुमारे २० हजार लोक आजारी पडले, तीनशेहून अधिक दगावले. असं विष फ्रीजमध्ये दिसत नाही. म्हणूनच 'गोठलं, म्हणजे निर्धास्त खा' हे सांगणं मला बेजबाबदार वाटतं.

रंगाचं काय? परीक्षक तेल चाखतात ते गडद रंगाच्या काचेच्या पेल्यात, रंग दिसून मत बनू नये म्हणून. हिरवेपणा क्लोरोफिलचा असतो आणि तो विकत मिळतो. २०१९ मध्ये युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेने जाहीर केलेल्या कारवाईत इटली आणि जर्मनीतली टोळी सूर्यफुलाच्या तेलाला क्लोरोफिल आणि बीटा कॅरोटिनने रंगवून एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणून विकत होती. वातीबद्दल एवढंच: कुठलंही खाद्यतेल वातीवर जळतं आणि काजळी किती धरते हे वात आणि हवेवर ठरतं.

राहिले सत्तर टक्के. यात अर्ध सत्य आहे, ते मान्य करावंच लागेल. डेव्हिसच्याच केंद्राने २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या दुकानांतून एक्स्ट्रा व्हर्जिन लिहिलेल्या बाटल्या आणल्या, तेव्हा आयात केलेल्या नमुन्यांपैकी ६९ टक्के चव-वासाच्या कसोटीत नापास झाले. पण नापास म्हणजे नकली नव्हे. उष्णता, उजेड आणि वयाने खराब झालेलं, वाईट फळांपासून काढलेलं तेलही त्यात येतं. काही ठिकाणी स्वस्त रिफाइंड ऑलिव्ह तेल मिसळल्याची शक्यताही अहवालाने मांडली होती. या अभ्यासाला कॅलिफोर्नियातल्या ऑलिव्ह उत्पादकांनी पैसा दिला होता, हेही वाचताना डोक्यात ठेवावं. पुढे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी एक्स्ट्रा व्हर्जिनचे ८८ नमुने शुद्धतेसाठी तपासले, तेव्हा भेसळ ५ टक्क्यांहून कमी निघाली. तेव्हा चिंता करायचीच असेल तर शिळ्या तेलाची करा.

शिळेपणा मात्र घरी कळतो. थोडं तेल लहान पेल्यात घ्या, पेला तळव्यात धरून कोमट करा, मग वास घ्या. खवट झालेल्या सुक्या मेव्यासारखा वास आला तर ते तेल संपलं. गवताचा, पानांचा, कच्च्या फळाचा वास आणि मागून घशात झोंबणं, म्हणजे तेल ताजं आहे. विकत घेताना फळं तोडल्याची तारीख शोधा. 'बेस्ट बिफोर' तारीख उत्पादक ठरवतो, तिच्यावरून वय नीट कळत नाही. पारदर्शक बाटलीपेक्षा गडद काच किंवा डबा घ्या, दुकानात दिव्याखाली उभी असलेली पुढची बाटली सोडून मागची उचला. 'इटलीत पॅक केलेलं' म्हणजे फळं इटलीतली असं नाही, तेल कुठल्या देशातलं ते लेबलवर बारीक अक्षरात असतं. 'लाइट' हे रिफाइंड तेल आहे, त्यात कॅलरी तेवढ्याच. आणि उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच बाटली आणा, ती गॅसशेजारी ठेवू नका.