हलक्यातली कुऱ्हाड दाखवा

मोबाइल घ्यायचा असेल तर ठाण्यात चार लोक सल्ला द्यायला येतात, फ्लॅट घ्यायचा असेल तर चाळीस येतात, पण बाईमाणसाने कुऱ्हाड घ्यायची म्हटली की आधी सगळे गप्प होतात आणि मग एकदम तिच्या नवऱ्याकडे बघतात. माझा नवरा बिचारा तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटेल त्याला "अहो कॅम्पिंगसाठी, कॅम्पिंगसाठी" असं सांगत फिरतोय.

तर कॅम्पिंगसाठीच. आमच्या ग्रुपला नुसते किल्ले चढून कंटाळा आलाय, म्हणून मुरबाडकडे एकाच्या शेतावर तंबू ठोकायचे, चूल मांडायची, त्याच्याकडची वाळकी लाकडं आपणच फोडायची असं ठरलं, ह्याला हल्ली बुशक्राफ्ट म्हणतात. (माझ्या सासूबाई देवरुखकडच्या, त्यांनी हे लग्नापर्यंत रोज केलंय, तेव्हा त्याला कोणी काहीच म्हणत नसे.) सामान वाटताना माझ्या वाट्याला कुऱ्हाड आली, वर अट अशी की हलकी बघ, पाठीवर न्यायचीय.

रात्री जेवणं आटोपून मोबाइल हातात घेतला तो दीड वाजेपर्यंत. फिनलंडची फिस्कार्स कंपनी १६४९ सालची, म्हणजे शिवाजी महाराज एकोणीस वर्षांचे होते तेव्हापासून हे लोक लोखंडात आहेत, त्यांची छोटी एक्स सेव्हन साधारण ६४० ग्रॅम, दांडा प्लॅस्टिकचा. स्वीडनची ग्रान्सफोर्स १९०२ ची, तिच्या पात्यावर ती घडवणाऱ्या लोहाराची आद्याक्षरं असतात, दांडा हिकरीच्या लाकडाचा, आणि किंमत बघून मला वाटलं लोहार पण सोबत येत असणार. अमेरिकेची एस्टविंग डोक्यापासून दांड्यापर्यंत एकाच पोलादाची, मुठीला चामड्याच्या चकत्या, दिसायला फार देखणी, पण घोडबंदर रोडला जुलैत माझ्या चपलांना बुरशी येते तिथे ती मूठ मी कुठे सांभाळू? एकंदरीत काय, ग्रॅम उतरतात तशी किंमत चढते.

व्हिडिओ बघाल तर फसाल. तिकडचा दाढीवाला माणूस एका हाताने टकटक करतो आणि ओंडका दुभंगतो, कारण तो पाइन नाहीतर स्प्रूस असतो, मऊ लाकूड. आपल्याकडे खैर, बाभूळ, ऐन. वाळक्या खैरावर हलकी कुऱ्हाड घातली तर आधी तुमच्या मनगटाचा भुगा होतो. शिवाय पातं बारीक असेल तर ते लाकडात शिरतं छान पण फोडताना अडकून बसतं, आणि पाचरीसारखं जाड असेल तर फोडतं छान पण आडव्या फांदीला नुसतं चेपतं. एकाच कुऱ्हाडीने दोन्ही करायचं म्हणजे तडजोड आली.

हे सगळं मी सकाळी पोहे करता करता आईंना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, घाव कुऱ्हाडीने घालायचा असतो, आपण नुसती वर उचलून द्यायची. हलकी घेतलीस तर तिच्या वाटचं पण तुलाच करायला लागेल." मी दीड वाजेपर्यंत जागून जे वाचलं ते ह्यांनी कोथिंबीर निवडत सांगितलं.

मग दांड्याची लांबी. आखूड दांडा सॅकमध्ये मावतो हे खरं, पण लांब दांड्याचा नेम चुकला तर पातं जमिनीत जातं आणि आखूडचा चुकला तर नडगीत. आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेण्याची एवढी उत्तम सोय दुसरी नाही, म्हणून आखूडवाल्यांनी गुडघ्यावर बसून खाली ओंडका ठेवूनच फोडावं असं जाणकार सांगतात, म्हणजे गुडघ्यांनाही विचारायला हवं. मी दीड फुटावर थांबले.

सोसायटीत बातमी पोचलीच होती. सेक्रेटरींनी पार्किंगमध्ये गाठून सांगितलं, "वहिनी, येऊरला नेऊ नका हां, नॅशनल पार्क आहे." आणि मग आवाज खाली करून, खालच्या गुलमोहराची फांदी जरी तोडायची तरी १९७५ च्या कायद्याने महापालिकेची परवानगी लागते. मी गुलमोहराकडे बघितलंही नव्हतं. आता येता-जाता बघते.

शेवटी माजिवड्याच्या बाजूला रस्त्यावर बसलेल्या घिसाड्यांकडे गेले. तिथे दादा सांडशीत लाल झालेलं लोखंड धरून उलटंपालटं करत होता आणि त्याची बायको उभ्याने घण घालत होती, एका लयीत, मध्येच पदर खोचायला थांबायची तेवढीच. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा कापून हे लोक कोयते, कुऱ्हाडी करतात, चांगलं चिवट पोलाद असतं ते. पातं पाण्यात गेलं, चर्र झालं, मग तिने माझ्याकडे बघितलं.

"मावशी, कुऱ्हाड पाहिजे, हलकी."

"कशाला पायजे?"

"लाकडं फोडायला."

"मग हलकी कशाला?"

ह्या प्रश्नाचं उत्तर फिनलंडपासून अमेरिकेपर्यंत एकाही कंपनीने मला दिलेलं नव्हतं. मी म्हटलं पाठीवर घेऊन चालायचंय. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं, सरपण विकत मिळतं हे ह्या बाईला माहीत नसावं अशा नजरेने, आणि म्हणाली, "किलोवर हाय. हलकी घेतली तर पैसं कमी, काम पन कमी." स्वीडनमध्ये नेमका उलटा हिशोब आहे, हे मी तिला सांगितलं नाही, उगाच भाव वाढायचा.

नुसतं पातं घेऊन शेजारच्या भाजीवाल्याकडे वजन केलं. त्याच्या काट्यावर भेंडीचा भाव तसाच राहिला होता, त्यामुळे ६१० ग्रॅम कुऱ्हाड ८० रुपये किलोने ४८ रुपये ८० पैसे झाली. तो म्हणाला, "ताई, पिशवी देऊ?"

दांडा बाभळीचा. तो मात्र मी शिकल्याप्रमाणे एक डोळा मिटून टोकाकडून बघितला, लाकडाच्या रेषा पात्याच्या दिशेने जायला हव्यात, आडव्या असतील तर एक दिवस मोडतो. मावशी हसून हसून घणावर टेकली. पण तिने दिलेला पहिला दांडा मी परत केला आणि दुसरा देताना तिने गुपचूप स्वतःही तसंच बघितलं. पाचर ठोकून दिली, वर सांगितलं की उन्हाळ्यात लाकूड आटलं की पातं हलायला लागेल, तेव्हा पाचर परत ठोका, ढिली कुऱ्हाड उगारू नका.

घरी आईंनी धारेवर आडवा अंगठा फिरवला, दांडा हातात तोलून बघितला आणि "बरी आहे" म्हणाल्या. देवरुखकडे ह्याच्यावर सर्टिफिकेट नाही.

मी लगेच ग्रुपवर फोटो टाकला. बारा अंगठे आले, आणि त्यांच्या खाली आमच्यातल्या एका अनुभवी काकांचा मेसेज: "सुंदर! पण हलकंच हवं होतं तर फोल्डिंग करवत का नाही बघितली? दोनशे ग्रॅमच्या आसपास मिळते, आडव्या फांदीला कुऱ्हाडीपेक्षा सरस, पायाला धोका पण कमी." मी कुऱ्हाड बरोबरच घेतलीय ह्यावर ठाम आहे. तरी रात्री जरा बघितलं, तर काही करवती ढकलताना कापतात, काही ओढताना कापतात, दाते बारीक असले तर वाळक्या लाकडाला, मोठे असले तर ओल्याला...

"आता काय शोधतेयस गं?" आतून आईंचा आवाज आला.

"करवत."

"बरं. रंधा कधी घेतेयस तेवढं सांग, देव्हाऱ्याचं दार घासतंय कधीचं."