नदीकाठ खुला करायचा तर भिंत घालावीच लागते?

“नदीकाठी लोकांना आणायचं तर एकच उपाय आहे. पात्र सरळ करा, दोन्ही बाजूंनी भिंत घाला, वर फरसबंद रस्ता करा. पूर थांबतो, घाण जाते, लोक फिरायला येतात आणि मोकळ्या झालेल्या जमिनीतून खर्चही निघतो. जगातल्या मोठ्या शहरांनी हेच केलं. ज्यांना हे पटत नाही त्यांना नदीचं गटारच हवं आहे.” अशा अर्थाचा मजकूर, सोबत रात्रीच्या रोषणाईचे फोटो, सध्या जोरात फिरतोय. काठ लोकांना मिळायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. म्हणूनच त्यातले दावे एकेक करून बघू.

‘जगाने हेच केलं.’ केलं होतं, खरं आहे. पण ज्यांनी आधी केलं त्यांतले बरेच जण आता ते उकरून काढताहेत. म्युनिक शहराने इसार नदीचा सुमारे 8 किलोमीटरचा पट्टा 2000 ते 2011 या काळात मोकळा केला. एकोणिसाव्या शतकात सरळ करून बांधून टाकलेले काठ तोडले, उतार सौम्य केले, गोट्यांची बेटं पुन्हा तयार होऊ दिली. आज उन्हाळ्यात तिथे माणसं पाण्यात पाय सोडून बसतात, आणि या कामाचा एक घोषित हेतू पूरसंरक्षण हाच होता. सिंगापूरमध्ये बिशान उद्यानालगतचा 2.7 किलोमीटरचा काँक्रीटचा सरळ कालवा फोडून त्याची वळणं घेणारी नदी केली. 2012 मध्ये ते उद्यान खुलं झालं. पाऊस वाढला की पाणी हिरवळीवर पसरतं, लोक वर सरकतात, ओसरलं की परत येतात. फिरणाऱ्या मजकुरात यातलं एकही नाव नाही.

दक्षिण कोरियातल्या सोल शहरातल्या चेओंगयेचेओन ओढ्याचा फोटो मात्र हमखास असतो. उड्डाणपूल पाडून तिथे 2005 मध्ये साडेपाच किलोमीटरहून लांब प्रवाह उघडा केला, हे काम धाडसाचंच. पण त्यात वाहणारं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणावं लागतं आणि जोराचा पाऊस आला की काठ बंद ठेवावा लागतो. साबरमतीचंही तसंच. पात्र एकसारख्या 263 मीटर रुंदीत बसवलं, आणि फोटोतलं भरलेलं पाणी नर्मदेच्या कालव्यातून आलेलं आहे. ज्या शहराला असं बाहेरचं पाणी मिळणार नाही, त्याच्या भिंतींच्या मध्ये उन्हाळ्यात काय दिसेल?

आता ‘पूर थांबतो’. सगळ्यांत जास्त गफलत इथेच आहे. पुराच्या दिवशी सेकंदाला जेवढं पाणी वरून येतं तेवढंच पुढे जावं लागतं. पात्र अरुंद केलं तर ते उंच चढतं किंवा जोरात धावतं, बहुतेक वेळा दोन्ही. यावर उत्तर असं येतं की भिंत गुळगुळीत असते, तळ खोल करू, म्हणजे पाणी झपाट्याने निघून जाईल. तेवढ्या टप्प्यापुरतं हे बरोबरही ठरू शकतं. पण झपाट्याने निघालेलं पाणी खालच्या वस्तीत लवकर आणि एकदम पोचतं, खोदलेला तळ गाळाने पुन्हा भरतो, आणि पात्र जिथे आक्रसतं त्याच्या वरच्या बाजूला पाणी तुंबतं.

शिवाय भिंतीमागचे नाले असतात. नदी चढली की तिचं पाणी नाल्यात उलटं शिरू नये म्हणून तोंडाशी झडपा बसवतात. झडप बंद, वर पाऊस चालू. मग नाल्याचं पाणी जाणार कुठे? भिंतीच्या आतल्याच गल्ल्यांत. नदीने भिंत ओलांडलेली नसते आणि तळमजल्यावर गुडघाभर पाणी असतं. पंप लागतात, आणि ते नेमके वीज गेलेल्या रात्री चालावे लागतात.

नेदरलँड्समध्ये 1993 आणि 1995 च्या मोठ्या पाण्यानंतर उलटा विचार झाला. नायमेखन शहरात वाल नदीचा बांध सुमारे 350 मीटर मागे सरकवला आणि एक जोडप्रवाह खोदला. पुराची पातळी फूटभर उतरली, आणि त्या जोडप्रवाहाच्या काठी शहराला पोहायला, होड्या वल्हवायला जागा मिळाली. फुकट नव्हतं ते. पन्नासेक घरं हलवावी लागली. जुनी दाट वस्ती अगदी पाण्यालगत असेल तिथे भिंतच घालावी लागेल, हेही मान्य. पण तो त्या तुकड्याचा नाइलाज झाला. त्याचा अख्ख्या नदीसाठी नमुना कशाला करायचा?

‘घाण जाते’. मैलापाणी भिंतीने जात नाही, गटारवाहिनीने जातं. लंडनच्या थेम्सकाठचा व्हिक्टोरिया बांध 1870 मध्ये खुला झाला, पण त्याच्या पोटात अभियंता बॅझलजेटची मैलावाहिनी होती; काम तिने केलं. तरीही मुसळधार पावसात जुन्या वाहिन्या नदीत ओसंडत राहिल्या, आणि शेवटी 25 किलोमीटरचा नवा बोगदा खणावा लागला. तो 2025 मध्ये पूर्ण जोडला गेला. पॅरिसमध्ये सेन नदीत पोहायला 1923 पासून बंदी होती. 2025 च्या जुलैत तीन ठिकाणी ती उठली, ती काठावर दिवे लावून नव्हे, तर जमिनीखाली पाणी साठवण्याच्या टाक्या बांधून आणि घरांच्या गटाराच्या चुकीच्या जोडण्या दुरुस्त करून. उद्घाटनाचा फोटो काढण्यासारखं यात काही नसतं, हीच अडचण असावी.

‘लोक येतात’. येतात, पण कोण? पाच मीटर खाली फरसबंदी, उतरायला दर काही शे मीटरवर एक जिना. बाबागाडी घेतलेली आई वरच्या कठड्याशी थांबते, खाली बघते आणि वळते. चाकाच्या खुर्चीतला माणूस तिथवर पोचतच नाही, कारण आधी सहा पदरी रस्ता ओलांडायचा असतो. संध्याकाळी एकट्या मुलीला खाली जायचं असेल तर ती पहिल्यांदा बघते की बाहेर पडायची वाट किती लांब आहे. आणि कुणी पाण्यात पडलं, तर उभ्या गुळगुळीत भिंतीला हात कुठे धरणार? स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये लोक उन्हाळ्यात कपडे माशाच्या आकाराच्या जलरोधक पिशवीत कोंबून ऱ्हाईनच्या प्रवाहाबरोबर पोहत जातात. ते जमतं, कारण काठाने जागोजागी बाहेर पडायच्या पायऱ्या आहेत.

अमेरिकेतल्या पोर्टलंडने 1974 मध्ये काठचा महामार्गच बंद केला आणि पुढे तिथे उद्यान केलं. पॅरिसने 2016 मध्ये उजव्या काठावरून गाड्या हटवल्या. अडथळा पुष्कळदा नदीचा नसतोच, मधल्या रस्त्याचा असतो.

राहिला जमीन विकून खर्च काढण्याचा मुद्दा. ती जमीन पुराचं पाणी पसरायची जागा असते. ती विकली की तिच्यावर इमारत येते, इमारतीला कुंपण येतं, कुंपणाला पहारेकरी, आणि काठ पुन्हा मोजक्यांचा होतो. पैसे कमीच असतील तर सौम्य उताराची वाट, ओलांडायला सिग्नल, सावलीची झाडं आणि चालू स्थितीतलं स्वच्छतागृह एवढ्यावर सुरुवात करता येते. त्यासाठी पात्राचा एक फूटही घ्यावा लागत नाही.