‘जुनी गाडी आहे, आवाज येणारच’ हे मला पुन्हा ऐकवू नका

नाही येत! जुन्या गाडीला आवाज येणारच असा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही. आवाज येतो तेव्हा आत कुठेतरी लोखंडावर लोखंड घासत असतं, नको तिथे फट पडलेली असते, नाहीतर तेलाच्या जागी पाणी गेलेलं असतं. ते कुठे झालंय हे शोधायचेच पैसे घेता ना तुम्ही मिस्त्री लोक? मग शोधा! चार महिने झाले, तीन गॅरेजं झाली आणि तिन्ही ठिकाणी गाडीचं बॉनेट उघडण्याआधी हे एकच वाक्य तोंडावर मारलं गेलं.

माझ्याकडे २००४ ची मारुतीची जिप्सी किंग आहे. भोरच्या पुढे, वरंध घाटाच्या अलीकडे आमची शेती आहे आणि शेतावर जायला ओढा ओलांडावा लागतो. जून ते ऑक्टोबर या गाडीशिवाय पलीकडे जाता येत नाही. आई तिकडेच राहते. तिला दवाखान्यात आणायचं झालं तर याच गाडीतून. त्यामुळे पुढच्या चाकांकडून घों-घों ऐकू यायला लागलं की माझ्या पोटात गोळा येतो. हौस म्हणून पाळलेली गाडी नाही ही.

आणि जिप्सी म्हणजे काही कुणी न पाहिलेलं यंत्र नाही. १९८५ साली आली, १९९६ ला किंग आली. लष्कर, पोलीस, वनखातं, सगळ्यांनी वर्षानुवर्षं चालवली. पुढचा एक्सल, म्हणजे पुढची दोन चाकं जोडणारा आडवा भाग, तर इतका सरळ आहे की कागदावर काढून दाखवता येईल. एक अखंड हौजिंग (बाहेरचं लोखंडी कवच), त्याला धरलेले स्प्रिंगचे पाटे, मधे डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), दोन्ही टोकांना गोल बंद नकल (चाक वळतं तो सांधा), नकलच्या पोटात सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही फिरवणारा जोड), वर-खाली किंग पिनची (नकल ज्यांवर वळतो त्या खिळ्यांची) बेरिंगं आणि बाहेर हब (चाक बसतं तो भाग). संपलं. आवाज येऊ शकेल अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

त्यात माझ्या गाडीला आधीच्या मालकाने हाताने फिरवायचे फ्री-व्हीलिंग हब बसवलेले आहेत. हब फ्री केले, म्हणजे चाकं आतल्या शाफ्टपासून सोडवली, आणि गाडी टू-व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर ठेवली की पुढची चाकं आपली आपण फिरतात. आतले शाफ्ट, डिफरन्शियल, पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या एक्सलपर्यंत जोर आणणारा दांडा) हे सगळं गपगार उभं. म्हणजे आवाज शोधायची अर्धी लढाई रस्त्याच्या कडेला उभं राहून, दोन हब हाताने फिरवून जिंकता येते. फ्री करूनही आवाज राहिला तर चाकाचं बेरिंग, टायर, ब्रेक. फ्री केल्यावर आवाज गेला तर दोष आतल्या फिरणाऱ्या भागात. पावसाळ्यात मी हब लॉकच ठेवतो आणि चाळीसच्या पुढे घों-घों सुरू व्हायचं. हब फ्री केले की आवाज साफ बंद. पुन्हा लॉक केले की पुन्हा चालू. दहा वेळा करून बघितलं होतं मी!

हे मी पहिल्या मिस्त्रीला सांगितलं. शब्दाशब्दाने सांगितलं. त्याने मान हलवली, गाडी जॅकवर घेतली, चाक दोनदा हलवलं आणि म्हणाला, “साहेब, बेरिंग गेलंय.” अरे, चाकाचं बेरिंग हब फ्री केल्यावरही फिरतंच की! मग आवाज थांबतो कसा? उत्तर नाही. आणि चाक हलवायचीही एक रीत असते. वर-खाली धरून हलवायचं, मग दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबल्यावर चाकाचा खेळ, म्हणजे सैलपणा, गेला तर बेरिंग, तरीही राहिला तर किंग पिन. दोन माणसं आणि अर्धं मिनिट, एवढंच लागतं. त्याच्याकडे तीन पोरं मोबाईल बघत बसली होती, त्यातल्या एकालाही सीटवर बसवलं नाही. दोन्ही बाजूंची बेरिंगं बदलली, बिल घेतलं. जुनी बेरिंगं मी मागून घेतली, घरी रॉकेलने धुतली, बोटावर फिरवली. लोण्यासारखी फिरत होती. चांगली बेरिंगं काढून फेकली माझी! आणि गाडी गॅरेजच्या फाटकाबाहेर पडली की घों-घों जिथल्या तिथे.

दुसऱ्याचं तर डोकं फिरवणारं. हा म्हणाला टेस्ट ड्राइव्ह घेऊ, तेव्हा मला बरं वाटलं. त्याने फोर-बाय-फोर टाकलं आणि कोरड्या सिमेंटच्या रस्त्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी गोल फिरवली. गाडी अडखळली, धक्के बसले, पुढून कट-कट आलं. लगेच निकाल: “सीव्ही गेला, शेठ.” अहो, या गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मधलं डिफरन्शियल नसतं! वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, आणि फोर-बाय-फोरमध्ये पुढचा-मागचा दोन्ही शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये (जोर पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत) एकमेकांना जखडलेले. चिखलात, वाळूत चाक घसरून तो ताण निघून जातो. कोरड्या सिमेंटवर निघत नाही, म्हणून धडधाकट गाडीही तिथे अडखळते. जो माणूस फोर-बाय-फोर दुरुस्त करायची पाटी लावतो त्याला हे माहीत नसावं? मी बोललो तर म्हणतो, “तुम्हीच करा मग.”

मी गप्प बसलो, ही माझी चूक. त्याने एक्सल खोलला. शाफ्ट बाहेर काढायला स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो पोकळ दांडा) सोडला की पुरतं, किंग पिनना हात लावायचं काहीही कारण नव्हतं. याच्या पोराने तेही खोलले. प्रत्येक किंग पिनच्या पत्र्याखाली ठरावीक जाडीचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात, त्यावर बेरिंगचा ताण ठरतो. चारही जागांचे शिम एकाच ट्रेमध्ये टाकले त्याने. मी ओरडलो तेव्हा म्हणतो, “सगळे सारखेच असतात.” नसतात रे बाबा सारखे!

आणि खरी गोष्ट तर माझ्या डोळ्यांसमोर घडली. डावीकडचा नकल उघडला तेव्हा आतून घट्ट ग्रीस यायला हवं होतं. आला पातळ, राखाडी, ताकासारखा रबडा. धार लागली नुसती. पोराने चिंधीने पुसलं, नवीन ग्रीस कोंबलं, बंद केलं. एकाच्याही डोक्यात आलं नाही की ग्रीस पातळ का झालं? नकलमध्ये तेल आलं कुठून? तेल येतं ते डिफरन्शियलमधून, आतल्या ऑईल सीलमधून (तेल अडवणाऱ्या कडीतून) झिरपून. म्हणजे डिफरन्शियलमधलं तेल कमी झालेलं असणार. आणि राखाडी म्हणजे त्यात पाणी. आवाजाचं उत्तर त्या चिंधीवर होतं आणि ती चिंधी कचऱ्यात गेली.

तिसऱ्याबद्दल फार लिहीत नाही. टायर बदला म्हणाला. टायर आवाज करतात हे खरं, पण पुढचे मागे टाकून बघितले की आवाज मागे जातो. मी टाकून बघितले होते. त्याला ऐकायचंच नव्हतं.

शेवटी एका रविवारी मीच गाडीखाली शिरलो. पुढच्या डिफरन्शियलचा खालचा बोल्ट सोडला. दहा मिनिटांचं काम! आधी पाणी आलं. मग दुधाळ चहासारखं तेल, निम्म्याहून कमी. तीन गॅरेजं झाली आणि तो बोल्ट कुणीही सोडला नव्हता, त्याच्यावरचा चिखलसुद्धा जसाच्या तसा होता. मग ब्रीदर बघितला. हौजिंगमधली हवा आत-बाहेर होऊ देणारी ती एवढीशी टोपी चिखलाने वाळून दगड झाली होती. ब्रीदर बंद असला की गरम एक्सलमधला दाब सीलवर येतो आणि तेल नकलमध्ये ढकललं जातं. आणि तोच गरम एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. पाण्याने पिनियनच्या (डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरच्या) बेरिंगला गंज चढला, खड्डे पडले आणि ते घों-घों करत होतं. साफ केलेला ब्रीदर, दोन सील आणि पिनियनची बेरिंगं, इतकंच काम होतं ते. आधी पकडलं असतं तर सील आणि तेलावरच भागलं असतं.

पिनियन उतरवून बेरिंगं एका म्हाताऱ्या फिटरने बसवून दिली. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: “हब फ्री केल्यावर काय होतं?” मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं.

घों-घों गेलं. पण आता पन्नास-साठच्या दरम्यान खड्डा लागला की स्टिअरिंग थडाथडा हलायला लागतं, हातातून सुटेल की काय असं. हे आधी कधीच नव्हतं. हे त्या ट्रेमध्ये मिसळलेल्या शिमचं. आता चारही किंग पिन पुन्हा खोलायचे, शिम मोजायचे, नकल फिरवायला किती जोर लागतो ते स्प्रिंगच्या काट्याने बघायचं. मॅन्युअलमध्ये तसंच सांगितलंय. भोरमध्ये एकाही गॅरेजात तो काटा मिळाला नाही. शेवटी भंगारवाल्याकडून आणलाय. गाडी ठोकळ्यांवर उभी आहे, ओढ्याला पाणी आहे आणि आई पलीकडे आहे.