वाढत्या वयाला ‘एक नंबर मोठा’ पोल नको
पोल व्हॉल्ट (बांबूउडी) शिकणारं मूल वाढतंय म्हणून पोल एक नंबर मोठाच घ्या, हा एका लेखातला सल्ला मला धोक्याचा वाटतो. पोल जास्त ताठ असला तर तो उभाच होत नाही आणि मूल गादीऐवजी बॉक्सकडे (पोल टेकवायच्या खाचेकडे) परत येतं. मुलाच्या वजनापेक्षा कमी रेटिंगचा (पोलवर लिहिलेल्या वजनाचा) पोलही नकोच, तो अति वाकतो आणि मोडूही शकतो.

पोलवरचं ‘3.35 मीटर, 50 किलो’ हे रेटिंग वरच्या टोकाजवळच्या पकडीसाठी असतं. हात 15 सेंटिमीटर खाली आला की तोच पोल ताठ वागतो. लांब पोल मूल खालीच धरतं, म्हणून लांबी तीच ठेवून आधी रेटिंग 5 पौंडांनी (सुमारे 2.3 किलो) वाढवा, लांबी नंतर. फ्लेक्सचा, म्हणजे ठरावीक वजनाखाली पोल किती वाकतो त्याचा, आकडा लहान म्हणजे पोल ताठ, पण दोन कंपन्यांचे आकडे ताडून बघू नका. जुना पोल घेताना पूर्ण लांबीवर नख फिरवा, बुटाच्या स्पाइकचा (खिळ्याचा) खोल ओरखडा लागला तर घेऊच नका.