निर्भेळ स्टॉकच्या साधकांसाठी काही सूचना

पोटाच्या जुन्या तक्रारीमुळे ज्यांचे गहू, दूध, साखर, सोयाबीन, यीस्ट आणि कारखान्यातून बाहेर पडणारे जवळजवळ सर्व काही आहारतज्ज्ञांनी काही आठवड्यांसाठी बंद केले आहे, अशा सर्व भाग्यवंतांचे प्रथम अभिनंदन. आपल्या तक्त्यात संध्याकाळच्या रकान्यात 'व्हेजिटेबल स्टॉक, एक वाटी, ॲडिटिव्हविरहित' अशी ओळ असेलच. स्टॉक म्हणजे भाज्या मंद आचेवर उकळून गाळलेले पाणी, आणि ॲडिटिव्ह म्हणजे चव, रंग किंवा टिकाऊपणासाठी वरून घातलेले पदार्थ. हा तक्ता मुळात कॅलिफोर्नियातल्या कुणासाठी तरी तयार झाला आणि कर्वे रस्त्यावर त्यातले फक्त रुग्णाचे नाव बदलले गेले, अशी शंका मनात आणू नये. केल आणि सेलरी या परदेशी भाज्या आठवडाभर आहेत, मग शेवगा एकदाही कसा नाही, असेही विचारू नये. शुल्क भरलेले आहे. आता श्रद्धा ठेवावी, पिशवी घ्यावी आणि बाहेर पडावे. या वाटेवर मी आपल्यापेक्षा चार पावले पुढे असल्यामुळे अनुभवाच्या काही गोष्टी सांगतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विकतच्या स्टॉकच्या वेष्टनाची फक्त पुढची बाजू वाचावी. तिथे हिरवे पान असते, नुकतेच उपटलेले गाजर असते आणि 'नो ॲडेड एमएसजी' असे ठसठशीत अक्षरांत लिहिलेले असते. वेष्टनाची मागची बाजू संशयी स्वभावाच्या माणसांसाठी राखून ठेवलेली आहे.

तरीही मागे पाहण्याचा मोह झालाच, तर ॲडिटिव्हना दिलेले आकडे पाठ करून जावे. ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, अर्थात एमएसजी किंवा अजिनोमोटो, हे २०१५ सालच्या नूडल्स प्रकरणापासून शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्यामुळे आता ६२७, ६३१ आणि या दोघांचे एकत्र कुटुंब असलेला ६३५ यांचीही ओळख करून घ्यावी. ग्लुटामेटची चव अनेक पटींनी वाढवणे हे त्यांचे काम. जिथे ६२१ दिसत नाही आणि हे मात्र दिसतात, तिथे ते कुणाची चव वाढवत आहेत, हे कोडे फावल्या वेळात सोडवावे. उत्तर बहुधा त्याच ओळीत 'यीस्ट एक्स्ट्रॅक्ट' किंवा 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' या नावाने बसलेले असते. दोहोंत मोकळे ग्लुटामेट असते, पण दोन्ही घटकपदार्थ म्हणून गणले जात असल्यामुळे त्यांना आकडा लागत नाही. यातल्या दुसऱ्यातली 'व्हेजिटेबल' म्हणजे अनेकदा सोयाबीन किंवा गहू, म्हणजे नेमके जे आपल्याला वर्ज्य आहे तेच. मोनोसोडियम ग्लुटामेट हे विष आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही, आणि तसे सांगत फिरणाऱ्यांशी माझे पटतही नाही. पण इतिहासातली गंमत पाहा. कोंबू नावाच्या समुद्री शैवालाच्या स्टॉकला एवढी चव कुठून येते, हे शोधताना किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली जपानमध्ये ग्लुटामेट वेगळे काढले आणि पुढच्याच वर्षी त्याची पूड बाजारात आली. त्या काळी स्टॉकमधून चव काढून डबीत भरली. आज डबीतली चव पाण्यात कालवतात आणि तिला स्टॉक म्हणतात.

भिंग जवळ बाळगावे.

पाण्यात विरघळवून स्टॉक करायची सुटी वडी मिळाली तर अवश्य घ्यावी, कारण वेष्टनाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर घटकांची यादी छापण्यातून नियमानेच सूट आहे. यादी मोठ्या खोक्यावर असते आणि खोके दुकानदाराने केव्हाच रद्दीत दिलेले असते. एवढी निश्चिंती दुसऱ्या कोणत्याही खरेदीत मिळणार नाही.

आता आयात केलेल्या मालाविषयी. परदेशी बरणी शुद्ध असते, अशी आपल्याकडे समजूत आहे आणि ती टिकवण्यासाठी आयातदार मंडळी मनापासून कष्ट घेतात. गेल्या आठवड्यात एका चकचकीत दुकानात मला अशी एक बरणी दाखवण्यात आली. पुढे 'ऑरगॅनिक' होते, पाने होती, गाजर तर होतेच. मागे आयातदाराचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि किंमत असलेला पांढरा स्टिकर होता. असा स्टिकर लावण्यास हरकत नाही, तो लावावाच लागतो. परंतु एवढ्या गोल बरणीला चहूबाजूंनी मोकळी जागा असताना तो बरोबर घटकांच्या यादीवरच का बसवलेला होता, कडा जुळवून, एक अक्षरही बाहेर डोकावणार नाही अशा बेताने? दुकानातल्या मुलाला विचारले, तर तो म्हणाला, "सर, ऑरगॅनिकच आहे, समोर लिहिलंय ना." त्याचे साहेब आले आणि त्यांनी बिल झाल्याशिवाय स्टिकर काढता येणार नाही, असे सांगितले. बिल केले. घरी गरम पाणी आणि खोबरेल तेल लावून अर्धा तास तो स्टिकर खरवडला. खालून निघाले ते असे: मीठ, माल्टोडेक्स्ट्रिन, पाम तेल, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, साखर आणि मग कांदा, गाजर, लीक वगैरे सर्व भाज्या मिळून सात टक्के. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचावी. भाज्यांच्या स्टॉकमध्ये भाज्यांच्या आधी साखरेचा नंबर लागतो! यीस्ट बंद, साखर बंद, माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे पिष्टमय पदार्थांपासून कारखान्यात केलेली पांढरी पूड, म्हणून तेही बंद. न उघडलेली बरणी घेऊन परत गेलो, तेव्हा त्याच साहेबांनी ती हातात फिरवून पाहिली आणि सांगितले की स्टिकर फाडलेला असल्यामुळे माल परत घेता येणार नाही. म्हणजे स्टिकर असताना यादी वाचता येत नाही आणि यादी वाचली की हक्क संपतो. या व्यवस्थेला निष्काळजीपणा म्हणायला माझी जीभ वळत नाही, कारण निष्काळजीपणाने लावलेला कागद निदान कधीतरी वाकडा लागतो.

ऑनलाइन खरेदी करणार असाल तर बरणीची सहा छायाचित्रे पाहायला मिळतील. त्यांत मागची बाजू नसेल.

हॉटेलातले सूप पिऊन भागवावे, असे काही जण सुचवतील. 'आम्ही अजिनोमोटो वापरत नाही' अशी पाटी तिथे असतेच; मुदपाकखान्यातल्या ब्रॉथ पावडरच्या डब्यावर काय लिहिले आहे, ते विचारून कुणाला अडचणीत आणू नये.

राहता राहिला घरचा स्टॉक. "त्यात काय एवढं, घरीच कर की," असे सांगणारे नातेवाईक प्रत्येक इमारतीत मुबलक उपलब्ध आहेत आणि या एका बाबतीत ते बरोबर आहेत. कांदा, गाजर, सेलरीचे देठ, मिरी, तमालपत्र आणि चव हवी असल्यास टोमॅटो किंवा मशरूम घालून मंद आचेवर पाऊण तास ठेवावे आणि गाळून घ्यावे. कोबी-फ्लॉवर घालू नये, उग्र वास येतो. पण इथेही सावध असावे, कारण आपली पाठ वळताच घरातले कुणीतरी मायेने चिमूटभर हिंग टाकेल. बाजारातला बहुतेक हिंग हा मिश्र हिंग असतो, त्यात खऱ्या हिंगाबरोबर डिंक आणि मैदा किंवा दुसरे पीठ असते. गव्हापासून जपलेली आतडी अशा रीतीने हिंगाच्या डबीतून गाठली जातात. मिठाच्या पुडीवर ५३६ हा आकडा दिसला, तर ते गोळे न होण्यासाठी आहे असे समजून घ्यावे आणि यादी वाचण्याची सवय तिथेच थांबवावी, नाहीतर उपास घडतील.

"थोडंसं चालतं" म्हणणाऱ्यांना नम्रपणे नमस्कार करावा.

आणि आता हे सारे पुरे, कारण मला यापुढे हसू येत नाही. स्टॉक बनवून विकणाऱ्यांनो, तुमची नेहमीची सबब अशी की माल टिकवायचा तर काहीतरी घालावेच लागते. हे खोटे आहे. ज्या वडीत सर्वांत जास्त मीठच आहे आणि पाणी जवळजवळ नाहीच, ती टिकवायला आणखी कशाची गरज नसते. निर्जंतुक करून बंद केलेल्या खोक्यातला पातळ स्टॉकही परिरक्षकांशिवाय महिनोन्महिने टिकतो. माल्टोडेक्स्ट्रिन तुम्ही टिकवण्यासाठी घालत नाही, भरती म्हणून घालता. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घालता, कारण भाज्या महाग पडतात आणि त्या घातल्याशिवाय त्यांची चव तुम्हाला विकायची असते. घाला, तुमचा धंदा आहे, पण मग तसे समोर लिहा. गहू खाल्ल्यावर ज्यांच्या आतड्यांना खरोखर इजा होते अशी माणसे या शहरात आहेत आणि त्यांची पथ्ये ही हौस नाही. आहारतज्ज्ञांनो, बाजारात मिळत नाही ती वस्तू तक्त्यात लिहून पैसे घेऊ नका. कृती लिहून द्या, चार ओळींची आहे. दुकानदारांनो, स्टिकर झाकणावर लावा, आणि यादी वाचू पाहणाऱ्या गिऱ्हाइकाकडे चोर असल्यासारखे बघू नका. आणि ज्या बरणीत सात टक्के भाज्या आहेत, तिच्यावर गाजराचे चित्र छापण्याचे थांबवा. मिठाचे छापा.