गल्फ स्ट्रीम बंद पडणार नाही. काळजी करायची ती वेगळ्या गोष्टीची

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. महासागराचं पाणी म्हणे एका सरकत्या पट्ट्यावरून जगभर फिरतं. ग्रीनलंडजवळ थंड, खारं पाणी बुडतं आणि तेच सगळा पट्टा ओढतं. बर्फ वितळून तिथलं पाणी गोडं झालं की पट्टा थांबणार, गल्फ स्ट्रीम हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचा उबदार प्रवाह बंद पडणार, युरोप गोठणार. हवामानबदलाचा धोका खरा आहे, आणि म्हणूनच तो चुकीच्या कारणांसह सांगितला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आधी गल्फ स्ट्रीम. हा प्रवाह मुख्यतः वाऱ्यावर चालतो. पण वारा पाण्याला सरळ आपल्या दिशेने नेत नाही. १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ जहाजाच्या आर्क्टिक मोहिमेत नॉर्वेचा संशोधक नान्सेन याला दिसलं, की बर्फ वाऱ्याच्या २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो. स्वीडनचा समुद्रशास्त्रज्ञ एकमन याने १९०५ मध्ये त्याचं गणित मांडलं: पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वरच्या थरातलं पाणी एकूणात वाऱ्याच्या उजवीकडे, काटकोनात ढकललं जातं. उत्तर अटलांटिकमध्ये व्यापारी वारे आणि पश्चिमी वारे मिळून असं पाणी मधोमध गोळा करतात आणि त्याभोवती प्रचंड चक्र फिरतं. त्याची पश्चिम बाजू अरुंद आणि वेगवान का होते, हे अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ स्टॉमेलने १९४८ मध्ये दाखवलं. ती बाजू म्हणजेच गल्फ स्ट्रीम. वारे वाहताहेत आणि पृथ्वी फिरतेय तोवर ती राहणार. वाऱ्याची ताकद पाहायची तर सोमाली प्रवाह पाहा: नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की उत्तरेला, ईशान्य वारे आले की दक्षिणेला. अख्खा प्रवाह दिशा बदलतो.

मंदावू शकते ती अटलांटिकची उलथापालथ, म्हणजे वरून उत्तरेला जाणारं आणि खोलातून दक्षिणेला परतणारं पाणी. या शतकात ती मंदावण्याची दाट शक्यता आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीनेही २०२१ मध्ये नोंदवली. तिचं काही पाणी गल्फ स्ट्रीममधूनच जातं, त्यामुळे गल्फ स्ट्रीम थोडी क्षीण होईल. क्षीण होणं आणि बंद पडणं यांत फार अंतर आहे.

‘बुडणारं पाणी पट्टा ओढतं’ हेही अर्धवट. बुडालेलं पाणी वर यायला हवं, नाहीतर चक्र पुरं होणार कसं? त्यातलं बरंचसं अंटार्क्टिकाभोवती वर येतं. तिथले पश्चिमी वारे पृष्ठभागाचं पाणी उत्तरेला ढकलतात आणि त्याची जागा घ्यायला दोन-तीन किलोमीटर खोलीवरचं पाणी वर चढतं.

इथेच भोवरे येतात, आणि पट्ट्याचं चित्र सगळ्यात जास्त इथे फसतं. १९९२ पासून उपग्रह समुद्राच्या पातळीतले काही सेंटिमीटरचे चढउतार अचूक मोजताहेत. त्यांत दिसतात ते हजारो भोवरे, बरेचसे ५० ते २०० किलोमीटर रुंदीचे. महासागराच्या गतिज ऊर्जेचा मोठा हिस्सा त्यांच्यातच आहे. दक्षिण महासागरात वारे पाण्याचे थर तिरपे करतात, भोवरे ते पुन्हा आडवे करू पाहतात आणि उष्णता ध्रुवाकडे नेतात. खालून किती पाणी वर येणार, हे या रस्सीखेचीत जे उरतं त्यावर ठरतं. गेल्या काही दशकांत तिथले वारे जोरावले, तरी अंटार्क्टिकाभोवतालचा प्रवाह त्या प्रमाणात वाढलेला दिसत नाही. जादा ऊर्जा बरीचशी भोवऱ्यांत जाते. हवामानाचा अंदाज करणाऱ्या ज्या संगणकी प्रारूपांची जाळी, म्हणजे हिशोबाचा एकेक चौकोन, १०० किलोमीटरची असते, त्यांना हे भोवरे दिसतच नाहीत. त्यांचा परिणाम अंदाजाने घालावा लागतो. खरी काळजी मला याची वाटते.

पट्ट्याच्या चित्रानुसार खोलातलं पाणी किनाऱ्यालगत दक्षिणेला परतायला हवं. पण कॅनडा आणि ग्रीनलंडमधल्या लॅब्राडोर समुद्रात खोलवर सोडलेले फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारी मोजयंत्रं, अमेरिकेच्या किनाऱ्यालगत शिस्तीत दक्षिणेला गेले नाहीत. बहुतेक मध्येच भरकटून खुल्या महासागरात शिरले.

युरोप गोठण्याबद्दल थोडक्यात: पश्चिम युरोपचा सौम्य हिवाळा समुद्रावरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांचीही देणगी आहे. उलथापालथ मंदावली तर तिथला गारवा वाढेल, पण हिमयुग येणार नाही.

‘मोजमापांतून पट्टा थांबताना दिसतोय’ असंही पुढे जोडलेलं असतं. अटलांटिकमध्ये २६.५ अंश उत्तर अक्षांशावर ही उलथापालथ २००४ पासून सलग मोजली जाते. सरासरी सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर. पण पहिल्याच वर्षात हा आकडा ४० लाखांपासून साडेतीन कोटींपर्यंत हेलकावत होता. त्यामुळे एखाद्या वर्षाची घसरण दाखवून कुणी निष्कर्ष काढला, तर आधी त्याला पुढच्या-मागच्या वर्षांचे आकडे विचारावेत.