गुडघ्याबद्दल डॉक्टरांशी बोलू नये

मेडिकेअर हा अमेरिकेतला पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा, आणि त्यातून उरलेलं बिल भरणारा खाजगी विमा म्हणजे सप्लिमेंट. माझ्या सप्लिमेंटचा प्रीमियम वाढल्याचं पत्र सलग तिसऱ्या वर्षी आलं, तेव्हा मी ठरवलं, बास, आता बदलायचा. मग एका कंपनीशी अर्धा तास फोनवर बोललो आणि चार दिवसांनी त्यांचा नकार आला. या उद्योगातून मला जे ज्ञान मिळालं ते एकट्याने पचवणं अवघड आहे. तेव्हा अमेरिकेतल्या, पासष्टीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या समस्त मराठी मंडळींना चार उपदेश.

सुरुवात बाराखडीपासून करा. मेडिकेअरचे पार्ट आहेत ए, बी, सी, डी. सप्लिमेंटचे, म्हणजे मेडिगॅपचे, प्लॅन आहेत ए, बी, सी, डी, एफ, जी, के, एल, एम, एन. पार्ट बी (डॉक्टरांच्या बिलांचा) आणि प्लॅन बी ही एकाच नावाची दोन वेगळी माणसं. मधले ई, एच, आय, जे कुठे गेले ते विचारू नका. सी आणि एफ १ जानेवारी २०२० पासून मेडिकेअरला पात्र झालेल्यांना मिळत नाहीत, म्हणून शेजारचे पंचाहत्तरीचे काका ‘एफसारखा प्लॅन नाही’ म्हणाले की आदराने मान डोलवायची.

किमतींची तुलना मुळीच करू नका. १९९२ पासून जवळजवळ सगळ्या राज्यांत एका अक्षराचा प्लॅन म्हणजे तेच फायदे, कंपनी कोणतीही असो. प्लॅन जी कुठूनही घ्या, पार्ट बीचं वार्षिक डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम, २०२५ साली २५७ डॉलर, तुम्ही भरायचं. मेडिकेअरने मान्य केलेल्या दवाखान्याच्या नि डॉक्टरच्या बिलातलं उरलेलं प्लॅन बघतो. माल तोच, दुकानं वेगळी, भाव वेगळे. अशा वेळी भाव बघणं म्हणजे कोतेपणा. कंपनी निवडावी ती एजंटने दिलेल्या कॅलेंडरवरून. आमच्याकडे होतं त्यात सुंदर धबधबे होते.

भाव बघितलाच, तर पहिल्या वर्षाचाच बघा. दर सगळ्यांना सारखा आहे, घेतानाच्या वयावर ठरलाय, की दर वाढदिवसाला चढणार आहे, असले प्रश्न विचारून एजंटला संकोचात टाकू नका.

टीव्हीवर १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर जाहिरातींचा पाऊस पडतो. तीच आपली बदलायची वेळ असं खुशाल समजा. (ती ॲडव्हान्टेज, म्हणजे मेडिकेअरऐवजी घ्यायच्या खाजगी प्लॅनची, आणि औषधांच्या प्लॅनची असते, मेडिगॅपची नव्हे, पण इतकं बारीक कोण बघतं?)

पुण्याला चार महिने जाणार असाल तर आजारपण पहिल्या ६० दिवसांत उरकून घ्या. प्लॅन जी परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे २५० डॉलरनंतर ८० टक्के देतो, तेही जन्मभरात ५०,००० डॉलरपर्यंत. एकसष्टाव्या दिवशी छातीत दुखलं तर ओवा खा.

आता मुख्य उपदेश. गुडघ्याबद्दल डॉक्टरांशी बोलू नये. गेल्या वर्षी तपासणीला गेलो, डॉक्टरने सवयीने विचारलं, काही तक्रार? मी गप्पा मारायच्या म्हणून म्हटलं, जिना उतरताना उजवा गुडघा जरा कुरकुरतो. तो म्हणाला, पुढेमागे बदलावा लागेल, बघू. आणि टायपलं. एवढंच. मी विसरलो, तोही विसरला असेल. पण मेडिगॅप बदलायला गेलं की नवी कंपनी आधी तब्येत विचारते. त्यांच्या फोनवरच्या बाईंनी उंची विचारली, वजन विचारलं, मग गोड आवाजात विचारलं, डॉक्टरने सुचवलेली, पण अजून न केलेली एखादी शस्त्रक्रिया? मी शाळामास्तरांचा मुलगा. खरं सांगितलं. मग त्यांनी माझी औषधं मलाच वाचून दाखवली, कारण फार्मसीतली यादी त्यांच्यासमोर होती. गॅबापेंटिन, हे नसांच्या दुखण्याचं औषध, कशासाठी? आता नागिणीला इंग्रजीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना. शिंगल्स म्हणेपर्यंत त्यांनी दोनदा ‘हॅलो’ केलं होतं. तीन महिने घेतलेलं औषध, कधीच बंद झालेलं, तरी ते यादीत आहे, म्हणजे आपल्या नसांत काहीतरी गडबड आहे. गुडघा बदलला असता तर म्हणाले असते, नुकताच बदललाय, थांबा. नाही बदलला, तर म्हणे तो बदलायचाय, नको. चालतो मी! रोज दोन मैल चालतो! पण कागदावरचा गुडघा माझ्या गुडघ्यापेक्षा खरा. आणि हे कोण विचारतंय, तर दर आठवड्याला ‘तुलना करा, पैसे वाचवा’ म्हणून पोस्टकार्डं पाठवणारे लोक. केली तुलना! त्याच प्लॅन जीचे महिना ४१ डॉलर कमी होते. आता ते पोस्टकार्ड फ्रिजवर लावून बघत बसा.

मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची गोळी, ‘फक्त खबरदारी म्हणून’ घेत असाल, तर चालू द्या. खबरदारी कंपनीही घेते.

नाहीतर सरळ न्यूयॉर्कला राहायला जा. तिथे मेडिगॅप वर्षभर कधीही मागा, तब्येत न विचारता द्यावाच लागतो. प्रीमियम चढा, पण सगळ्या वयांना एकच. कनेटिकटमध्येही तसंच. आम्ही न्यू जर्सीतले एडिसनकर, हडसनच्या अलीकडे. गुडघा तोच, नदी आडवी येते.

जुनी कंपनी मला काढू शकत नाही, प्रीमियम भरतोय तोवर कायद्याने नाहीच. आणि मला दुसरं कोणी घेत नाही. वड न पुजता सात जन्मांची सोय झाली. काही कंपन्यांची तर रीतच आहे. जुना गट महाग होत गेला की नव्या नावाची धाकटी कंपनी काढायची, तिथे स्वस्त भाव लावायचा. धडधाकट माणसं तब्येतीची परीक्षा देऊन तिकडे पळतात, कुरकुरणारे मागे राहतात आणि त्यांचा भाव आणखी चढतो. याला म्हणे ग्राहकाचं निवडस्वातंत्र्य. कसलं स्वातंत्र्य? आजारी नसलेल्यालाच दुकान बदलता येतं, तर आजाराचा विमा विकता कशाला?

पण खरा राग माझा माझ्यावर आहे आणि, राग मानू नका, तुमच्यावरही. मुंबईच्या तिकिटात ६० डॉलर वाचावेत म्हणून दोहाच्या विमानतळावर नऊ तास बसणारी माणसं आपण. टीव्ही घेताना तीन आठवडे तक्ते करतो. आणि ६५ पूर्ण होऊन पार्ट बी सुरू झाल्यापासूनचे ते ६ महिने, ज्यात कोणतीही कंपनी तब्येतीवरून नाही म्हणू शकत नाही की जास्त दर लावू शकत नाही, ते आपण घालवतो कशात? मंडळाच्या सहलीत भेळ खाता खाता कुणाच्या तरी ओळखीच्या एजंटकडे सही करण्यात. मी तेच केलं. दर कसा वाढतो, मागच्या पाच वर्षांत किती वाढला, एक प्रश्न विचारला नाही. प्रत्येक राज्यात शिप नावाची फुकट सल्लासेवा आहे, तिला कुणाचं कमिशन मिळत नाही. तिला फोन करायला काय हात मोडले होते? वाचायला येतं, हिशेब येतो, पन्नास वर्षं इंजिनियर म्हणून मिरवलं, आणि इथे धबधबे बघून सही!

मेहुण्याला मार्चमध्ये पासष्ट पूर्ण होतील. काल त्याला हे सगळं सांगितलं. म्हणाला, “भावजी, अजून वेळ आहे, आधी गराजचं दार दुरुस्त करून घेतो.” मी फोन ठेवला आणि लगेच त्याच्या बायकोला लावला.